जबडा : आरशातला आणि शास्त्रातला

गेल्या पावसाळ्यात भाषांतराच्या बैठकीनिमित्त मी भोपाळला गेलो होतो. तेथील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात चार दिवस माझा मुक्काम होता. परप्रांतात तीन पिढ्या उलटल्या, तरी रात्रीच्या जेवणापूर्वी एकत्र उपासना करण्याची आजोबांच्या वेळची रीत त्या घराने सोडलेली नाही. गीत सुरू झाले की आजीपासून सर्वजण गात. धाकटा मुलगा मात्र, वय वर्षे सतरा, ओठ घट्ट मिटून भिंतीकडे पाहत बसे. पहिल्या रात्री मला वाटले, घसा बसला असेल. दुसऱ्या रात्री वाटले, या वयात मुलांच्या मनात विश्वासाविषयी शंका उठतात, त्यातलाच हा प्रकार असेल. तिसऱ्या रात्री गच्चीवर आम्ही दोघेच होतो, तेव्हा मी विचारले, आणि उत्तर ऐकून थक्क झालो. त्याला गायला नको होते असे नव्हे. गाण्यासाठी तोंड उघडावे लागते, आणि तोंड उघडले की जीभ टाळूपासून सुटते. ती सुटू द्यायची नव्हती.

जीभ दिवसभर टाळूला चिकटवून ठेवली म्हणजे जबड्याची रेषा ठसठशीत होते, असे त्याने मोबाइलवर पाहिले होते. तेवढ्यावर तो थांबला नव्हता. खास कडक च्युइंगम दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा तास चघळायचे, लोणचे-पापड सोडायचे, उशी न घेता उताणे झोपायचे, सकाळी गार पाण्याने तोंड धुवायचे आणि दर रविवारी बाजूने छायाचित्र काढून मागच्या रविवारच्या छायाचित्राशी ताडून पाहायचे, असा त्याचा नेम होता. नेम शब्द मी मुद्दाम वापरतो. आपल्यापैकी किती जणांचे शास्त्रवाचन इतक्या नेमाने होते?

सारे सांगून झाल्यावर त्याने विचारले, “काका, हे पाप आहे का?”

मी घाईने उत्तर दिले. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातील, मनुष्य बाहेरचे स्वरूप पाहतो पण परमेश्वर हृदय पाहतो, या वचनाची त्याला आठवण करून दिली आणि आता विषय संपला असे मानले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “पण काका, त्याच अध्यायात थोडे पुढे दावीद देखणा होता असे लिहिले आहे ना?”

वाचकहो, मुलाचे म्हणणे खरे होते. सातव्या वचनात परमेश्वर शमुवेलाला अलीयाबाच्या रूपावर व उंचीवर जाऊ नकोस असे बजावतो, आणि पाचच वचनांनंतर लेखक दावीदाचा तांबूस वर्ण, सुंदर डोळे व देखणेपण कौतुकाने नोंदवतो. तीस वर्षे ज्या मजकुरात मी बुडालेलो आहे त्यातील अर्धे वाक्य तोडून मी एका मुलाच्या तोंडावर फेकले होते. त्या रात्री मला पुढे काही सुचले नाही. खाली जे लिहीत आहे ते उशिरा सुचलेले उत्तर समजावे.

प्रथम शरीराचे जे आहे ते शरीराला देऊ. खालच्या जबड्याच्या हाडाची ठेवण मुख्यतः आईबापांकडून येते आणि वाढीच्या वयात पक्की होते. त्या वयात चावण्याजोगे अन्न मिळणे हिताचे असते. भाकरी, भाजलेले हरभरे, दातांनी सोललेला ऊस यांवर वाढलेल्या पिढ्यांच्या जबड्यांना जो व्यायाम मिळाला तो पाव-बिस्किटांवर वाढणाऱ्यांना मिळत नाही. मूल सतत तोंडाने श्वास घेत असेल तर ते वैद्याला दाखवावे, कारण त्यामागे बहुधा नाकातला किंवा घशातला अडथळा असतो. मोठेपणी हाड बदलत नाही. बदलते ते हाडावरचे. अंगात चरबी वाढली की ती हनुवटीखालीही साठते, आणि कोणत्याही एका जागेच्या व्यायामाने त्याच जागेची चरबी वितळत नाही. उतरली तर ती सगळ्या अंगावरून उतरते. मिठाचा अतिरेक, अपुरी झोप व मद्य यांनी चेहरा सुजल्यासारखा दिसतो. मान सदैव मोबाइलवर वाकलेली असली की गळ्याची व हनुवटीची रेषा एक होऊन जाते. फार चघळल्याने गालामागचा चर्वणाचा स्नायू जाड होतो खरा, परंतु त्यामुळे चेहरा रुंद दिसू लागतो, आणि कानापुढचा सांधा दुखू लागला तर तो वेगळाच ताप. दात पडले की त्यांच्या खालचे हाड झिजत जाते. म्हणून म्हातारपणी ज्याला आपली हनुवटी जागेवर हवी असेल त्याने तरुणपणी दात नीट घासावेत. राहिली ती जीभ टाळूला लावण्याची गोष्ट. तिला ब्रिटनमधील जॉन म्यू या दंतवैद्यांच्या आडनावावरून ‘म्यूइंग’ म्हणतात. तिच्याने जबड्याला नवा आकार येतो असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही, असे अमेरिकेतील दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगितले आहे.

आता पाहा, बेताने खावे, मीठ कमी घ्यावे, वेळेवर झोपावे, मान ताठ ठेवून चालावे, घास नीट चावावा, दारूला शिवू नये. यात आपल्या आजीने सांगितले नाही असे काय आहे? या सवयी आरशासाठी नसत्या तरी लावून घ्याव्यात अशाच आहेत. मग प्रश्न सवयींचा राहतच नाही. तोच घास, तीच झोप. ती कोणाच्या डोळ्यांसाठी, एवढाच प्रश्न उरतो. आणि तेथेच तो अवघड होतो.

मंडळीच्या जुन्या आचार्यांनी या बाबतीत हात राखून लिहिलेले नाही. आलेक्सांद्रियाच्या क्लेमेंटने दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती जनांच्या दैनंदिन आचरणावर ग्रंथ लिहिला, त्यात नटणाऱ्या पुरुषांवर एक अख्खे प्रकरण खर्ची घातले आहे. दाढीचे केस उपटून गाल गुळगुळीत करणाऱ्यांवर त्याचा विशेष राग. (आज त्याने नाक्यावरील केशकर्तनालयातून एक फेरी मारली असती तर प्रकरण दुप्पट झाले असते.) परंतु क्लेमेंट वाचताना मला नेहमी वाटते की, नटणाऱ्याला झोडपणे सोपे असते, तो का नटतो हे विचारायला वेळ लागतो.

मी भोपाळहून निघण्याच्या दिवशी ते विचारले. वसतिगृहातील मुले त्याला ‘बेडूक’ म्हणत. मान दिसत नाही, हनुवटी दिसत नाही, म्हणून बेडूक. दोन वर्षे हे चालले होते. घरी कोणालाही ठाऊक नव्हते.

तेव्हापासून माझ्या टेबलावरचा एक जुना शब्द मला नवा दिसू लागला. इब्रीत ‘लेही’ हा शब्द गालासाठीही येतो आणि जबड्यासाठीही. शमशोनाने गाढवाच्या ज्या जाभाडाने पलिष्ट्यांना मारले ते ‘लेही’, आणि ज्या ठिकाणी मारले त्याचे नावही लेही. गीतरत्नातील प्रेयसीचा सुंदर गाल तोही ‘लेही’च. ग्रीक भाषेतील ‘सियागोन’ या शब्दाची तीच गत आहे. इब्री शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरात शमशोनाच्या हातातील जाभाड ‘सियागोन’ आहे, आणि डोंगरावरील प्रवचनात, कोणी तुझ्या उजव्या गालावर मारले तर दुसराही पुढे कर असे प्रभू सांगतो, तेथेही मत्तयाने तोच शब्द घातला आहे. मराठीत आपण एका ठिकाणी जाभाड म्हणतो, दुसऱ्या ठिकाणी गाल. भाषांतर म्हणून ते योग्यच आहे. गाढवाचा गाल म्हटले तर रविवारची शाळा हसत सुटेल. पण या योग्य भाषांतरात एक गोष्ट हातून निसटते. ज्या हाडाने एकाने सहस्र माणसे लोळवली आणि जे हाड प्रभू मारणाऱ्यापुढे करायला सांगतो, त्यांचे नाव एकच आहे.

उजव्या गालाविषयीही थोडे सांगावयास हवे. समोरचा माणूस उजव्या हाताने मारणारा असेल तर त्याचा तळहात आपल्या डाव्या गालावर बसतो. उजव्या गालावर बसण्यासाठी त्याला हाताची मागची बाजू वापरावी लागते. यहूदी लोकांच्या मिश्ना ग्रंथात अशा अपमानांचे दंड ठरवून दिलेले आहेत: साध्या थपडेस 200 झूझ, उलट्या हाताच्या थपडेस 400. उलट्या हाताची थप्पड अधिक दुखते म्हणून दंड दुप्पट नाही. ती मारणारा जणू म्हणत असतो, तू माझ्या बरोबरीचा नव्हेस. दाम, गुलाम, बेडूक, असे काहीतरी.

मोल ठरवण्याचा हा धंदा कधीकधी विद्वत्तेचा झगा घालून येतो, आणि खेदाची गोष्ट अशी की त्या झग्याला पाळकाच्या झग्याचा कापडतुकडाही लागलेला आहे. योहान कास्पर लाफाटर (1741–1801) हे झुरिकचे पाळक. नाक, कपाळ, हनुवटी यांवरून माणसाचे अंतरंग ओळखता येते असे प्रतिपादन करणारा त्यांचा ग्रंथ 1775 ते 1778 या काळात चार खंडांत निघाला व युरोपभर वाचला गेला. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, तेव्हा चेहरा हे जणू वाचण्याजोगे लिखाण आहे, अशी त्यांची भाविक समजूत. हेतू प्रेमाचा होता. पण त्या मताच्या कप्तान फिट्झरॉयने चार्ल्स डार्विनला केवळ नाकाच्या आकारावरून जहाजावर जवळजवळ नाकारलेच होते, असे डार्विनने आत्मवृत्तात नमूद केले आहे. पुढे आपल्या देशात 1901 च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिसले यांनी माणसांची नाके मोजून जातींची उतरंड लावली. नाक जितके रुंद तितकी पायरी खालची, असा त्यांचा सिद्धांत. डॉ. आंबेडकरांनी 1948 साली अस्पृश्यांच्या मूळावर लिहिलेल्या ग्रंथात नाकांचीच मापे घेऊन त्या सिद्धांताचा पाया उखडला. ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हे त्यांनी त्याच आकड्यांतून दाखवले. आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबांची नाके त्या मापपट्टीत सापडली असती, हे आपण विसरू नये. ठसठशीत जबड्याचा माणूस निश्चयी आणि बसक्या हनुवटीचा माणूस दुबळा, हे आज मुलांना चित्रफितींतून मिळणारे ज्ञान त्याच जुन्या दुकानातले आहे.

म्हणून माझ्या मते त्या मुलाचे म्यूइंग हे पाप नव्हते. पण त्याने एक गोष्ट मान्य केली होती. मारणाऱ्यांची मापपट्टी खरी आहे, फक्त आपण तिच्यात कमी भरतो, असे त्याने धरले होते. आपला जबडा असा घडवू की पुन्हा कोणाचा हात त्यावर उठणार नाही, अशी त्याची धडपड होती. प्रभूचे वचन मात्र, ज्याला आधीच मार बसला आहे, त्याच्याशी बोलते. ते त्याला गाल सुधारायला सांगत नाही, लपवायलाही सांगत नाही. गाल वळव म्हणते. म्हणजे उलट्या हाताला आता जागा उरत नाही, मारायचेच तर बरोबरीच्या माणसाला मारतात तसे मारावे लागेल. हा अर्थ काही भाष्यकार मांडतात, सर्वांना तो मान्य नाही. मला तो पटतो. आणि गाल वळवणे म्हणजे मुकाट्याने सोसत राहणे, असा अर्थ तर मुळीच नव्हे. महायाजकापुढे एका शिपायाने प्रभूला चपराक मारली तेव्हा, मी वाईट बोललो असलो तर दाखव, नसलो तर मला का मारतोस, असे त्याने विचारले, हे योहान सांगतो. मी त्या मुलाच्या वडिलांना वसतिगृहप्रमुखांची भेट घेण्यास सांगितले. ती भेट झाली.

दुसरीकडे, चेहऱ्याकडे लक्ष देणे हेच मुळी गैर, असेही शास्त्र म्हणत नाही. उपासाविषयी प्रभू काय सांगतो ते पाहा. ढोंगी लोक तोंडे विद्रूप करतात. तू मात्र डोक्याला तेल लाव, तोंड धू. ग्रीक वाक्यात एक शब्दखेळ आहे जो मराठीत आणताना आमच्या तीन बैठका गेल्या आणि तरीही तो आला नाही: ते आपले चेहरे ‘दिसेनासे’ करतात, ते स्वतः ‘दिसावे’ म्हणून. विचार करा, त्या उपासकरूंना काय दाखवायचे होते? बसलेली गालफडे, वर आलेले हाड. आजच्या भाषेत जबड्याची रेषाच! आणि प्रभूचा उपाय असा की चेहरा नीटनेटका ठेवावा, जेणेकरून त्याच्याकडे कोणाचे लक्ष जाणार नाही. नटण्यासाठी आणि लपण्यासाठी तेच तेल, तेच पाणी. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही, म्हणून मी आता तरुणांच्या केसांवरून व दाढ्यांवरून निष्कर्ष काढणे सोडून दिले आहे. निदान सोडण्याचा प्रयत्न करतो.

येथे मला माझ्या मंडळीतील एका वडीलजनांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. ते गिरणीत कामाला होते आणि रात्रपाळीत जागे राहण्यासाठी तंबाखू-चुन्याची सवय त्यांना विसाव्या वर्षी लागली. सवयींनी जबडा घडतो की नाही कोण जाणे, पण मोडतो हे मी पाहिले आहे. आधी तोंड पुरते उघडेना, मग गालात न भरणारी जखम झाली. मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि खालच्या जबड्याचा डावा भाग काढून टाकावा लागला. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. पण ज्याच्या खिशात साधी तंबाखूची पुडी आहे त्याच्यापर्यंत ती बंदी पोहोचत नाही, आणि आपल्या मंडळ्यांतही घरोघरी मशेरीचा डबा आहे, हे कबूल करायला हवे. तरुणांच्या च्युइंगमवर बोट ठेवणाऱ्या आम्हा वडीलधाऱ्यांनी मशेरीवर एकही उपदेश दिल्याचे मला आठवत नाही.

ते परतले तेव्हा त्यांचा चेहरा एका बाजूला कलला होता. पूर्वी तेच दर रविवारी शास्त्रपाठ वाचत असत. आता उपरण्याने तोंड झाकून मागच्या बाकावर बसू लागले. ओठ जुळत नसल्यामुळे प, ब, म ही अक्षरे त्यांच्या तोंडून निघत नव्हती. आठ महिन्यांनी पाळकांनी त्यांना पुन्हा पाठ वाचण्याची विनंती केली. काहींना ते रुचले नाही. लहान मुले घाबरतील, पाहुणे काय म्हणतील, अशी कुजबुज झाली. खरे सांगायचे तर कुजबुजणाऱ्यांत मीही होतो. शब्द कळणार नाहीत, पाठ वाया जाईल, असे माझे भाषांतरकाराचे कारण होते. त्या रविवारी गणना सहाव्या अध्यायातील याजकांचा आशीर्वाद होता, परमेश्वराने आपला मुखप्रकाश आपल्यावर पाडावा, असे मागणारा. ‘परमेश्वर’ हा शब्द त्यांच्या तोंडून धड निघाला नाही, ‘मुख’ही निघाला नाही. सर्वांनी आपापली शास्त्रे उघडली आणि बोट ठेवून त्यांच्याबरोबर वाचू लागले. तीन वचने ऐकायला एरवी अर्धे मिनिट पुरत नाही. त्या दिवशी बराच वेळ लागला. मी चाळीस वर्षे तो आशीर्वाद ऐकत आलो होतो आणि त्यात ‘मुख’ दोनदा येते हे मी तोवर कधी मोजले नव्हते.

भोपाळच्या त्या मुलाला मी नंतर सविस्तर पत्र लिहिले. त्यात यशयाचा पन्नासावा अध्याय वाचायला सांगितला. त्यात परमेश्वराचा सेवक म्हणतो की मी आपली पाठ मारणाऱ्यांपुढे केली, आपले ‘लेही’ दाढी उपटणाऱ्यांपुढे केले. आणि लगेच पुढच्या वचनात, मी आपले मुख गारगोटीसारखे केले आहे, मी लज्जित होणार नाही. गारगोटीसारखे मुख! त्याला हवे होते तेच नव्हे काय? फक्त ते गाल आधी दुसऱ्यांच्या हातात देऊन झालेले आहेत. लूकही, प्रभू यरुशलेमेस जाण्यास निघाला तेव्हा त्याने आपले मुख ‘स्थिर केले’ असे लिहितो. ते मुख दिसायला कसे होते, याविषयी चारही शुभवर्तमानांत एक अक्षर नाही.

लोणचे-पापड सोडल्याबद्दल, मान ताठ ठेवून चालण्याबद्दल मी त्याचे अभिनंदन केले. रविवारचे छायाचित्र मात्र महिनाभर काढू नकोस, असे सुचवले. गाण्याविषयी काही लिहिले नाही. ते त्याचे त्याने ठरवावे.

त्याचे उत्तर आले ते अगदी त्रोटक. जबड्याच्या सांध्यात कट-कट आवाज येऊ लागल्यामुळे च्युइंगम बंद केले आहे. जीभ अजून अधूनमधून टाळूला लावतो, पण उपासनेत नाही. आजीला कमी ऐकू येते, त्यामुळे तिचा सूर चुकतो, म्हणून कोणीतरी मोठ्याने गावे लागते. शेवटी एक प्रश्न होता: काका, इब्रीत हनुवटीला काय म्हणतात?

मी कळवले की शास्त्रातील इब्रीत स्वतंत्र शब्द नाही. ‘झाकान’ म्हणजे दाढी, तोच हनुवटीलाही चालतो. दावीद शौलाला सांगतो की कोकरू सोडवण्यासाठी मी सिंहाला धरून मारले, तेथे त्याने सिंहाचे जे धरले होते ते हेच ‘झाकान’. सिंहाची दाढी म्हणावी, आयाळ म्हणावी की जबडा, यावर आमच्या समितीत दोन मते आहेत. त्याने उलटटपाली आपले मत जबड्याच्या बाजूने नोंदवले आहे, आणि ते मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे.